वाण आमच्या रानात पारखा



 मंगळवेढ्यात ऐन हुरड्याच्या दिवसांत आपण आलात याचा विशेष आनंद, कारण पिकांची लवचीकता हा परिषदेचा विषय सध्या इथल्या शिवारात उभा आहे.

इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. दुपारी एखादे ताट जवळून पाहा. पाने सुरळीसारखी वळलेली, खोडावर मेणाचा पांढुरका थर. दोन्हींमुळे ओल कमी उडते. ताण फार पडला की वाढ थांबते, सर आली की पुन्हा सुरू होते. बी एकच, पण मुरमाड माळावर ते खुजे राहते आणि भारी रानात माणसाच्या डोक्यावर जाते.

मात्र प्रत्येक लवचीकता हिताचीच असते असे नाही. पुरात बुडालेला साधा भात उंच व्हायला धडपडतो, साठवलेले अन्न त्यातच संपवतो आणि पाणी ओसरले की कोलमडतो. ओडिशातील जुन्या वाणातून आलेला ‘सब-१’ जनुक ही धडपड रोखतो. त्यामुळे २००९ मध्ये भारतात प्रसारित झालेला ‘स्वर्णा सब-१’ सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. उलट, महिनोन्‌महिने पाणी साचणाऱ्या भागातला भात उंच वाढतो म्हणूनच जगतो. तेव्हा संकट कोणते, किती दिवसांचे, हे आधी पाहूनच वाण निवडावा लागतो.

म्हणूनच केवळ सरासरी उत्पादनावर वाण ठरवणे मला मान्य नाही. एका वर्षी भरघोस नि दुसऱ्या वर्षी काहीच नाही, किंवा दोन्ही वर्षी मध्यम; सरासरी सारखीच निघेल. पण ज्या घरची जनावरे कडब्यावर जगतात, त्या घराला हा फरक विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारीत हलक्या जमिनीला ‘फुले अनुराधा’ आणि भारी जमिनीला ‘फुले वसुधा’ दिली. ही वाट योग्य आहे. आता लांबलेल्या पावसामुळे उशिरा होणारी पेरणी आणि दाणे भरताना वाढणारे ऊन यांसाठीही असेच वाण हवे आहेत.

शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे: नवे वाण आमच्या हलक्या, मध्यम आणि भारी रानांत पेरा, सलग काही वर्षे पेरा, आणि दुष्काळी वर्षाच्या नोंदी ‘प्रयोग फसला’ म्हणून बाजूला टाकू नका. रान आम्ही देऊ.