मुरवणीचा भाव कुणाला?

(वैशाखरे येथील बैठकीतील भाषण)



हा समोरचा माळशेजचा कडा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. कपाशी-ज्वारीची काळी माती म्हणजे याच दगडाची झीज. इटलीत व्हुल्तुरे नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरच्या आल्यानिको द्राक्षांची तांबडी वाइन ताजी प्याली तर तोंड आवळतं, बाभळीची शेंग चावल्यागत! तिचा सगळ्यात उंची प्रकार पाच वर्षं मुरवल्याखेरीज विकताच येत नाही, कायदाच तसा आहे.

पण पाच वर्षं पैसा अडकवायचा कुणी? द्राक्षं तोडून लगेच विकणाऱ्याला द्राक्षांचाच भाव. मुरवणीचा भाव तळघरवाल्याला. आपल्या ज्वारीचं काय वेगळं? सावकार दारात, म्हणून खळ्यावरच पडेल त्या भावात माल जातो. पणन मंडळाच्या तारण योजनेत ज्वारी गोदामात ठेवून सहा महिन्यांसाठी कर्ज मिळतं. तुमची बाजार समिती ती योजना राबवते का? उद्याच जाऊन विचारा.