शौचाची चाचणी आणि वऱ्हाडचा उन्हाळा

अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा आजूबाजूच्या खेड्यांत काय, संडासवाटे रक्त पडले की ते मूळव्याधीचेच असे घरच्या घरी ठरून जाते आणि पुष्कळदा ते खरेही असते. मात्र मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आरंभी झिरपणारे रक्त डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ते शौचाच्या नमुन्यात शोधावे लागते. ग्वायॅक झाडाच्या राळेवर आधारलेल्या जुन्या चाचणीत रक्ताने कागद निळा पडतो, पण मटणाने किंवा मुळ्यानेही तो पडू शकतो. नवी प्रतिपिंड चाचणी केवळ मानवी हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे तिला पथ्य लागत नाही. जपानने १९९२ मध्ये अशी तपासणी देशभर सुरू केली, तर २००६ पासून जुनी चाचणी वापरणाऱ्या इंग्लंडने २०१९ मध्ये नवी स्वीकारली.

भारतात तिशीपुढच्यांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची तपासणी होते, आणि ते रास्तच आहे, कारण १९८७ पासून चालू असलेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी आढळतो. रोग विरळ असताना सरसकट चाचणी घेतली, तर पुष्कळ निरोगी माणसांना जुलाबाचे औषध घेऊन दुर्बिणीची तपासणी उगाच सोसावी लागेल.

यावर उपाय म्हणजे आधी प्रश्नावलीने जोखीम मोजणे. आशिया-पॅसिफिक गुणपद्धतीत वय, पुरुष असणे, आईवडील वा भावंडांना हा रोग असणे आणि धूम्रपान यांना मिळून सातपर्यंत गुण असून चार किंवा अधिक गुण म्हणजे मोठी जोखीम. वऱ्हाडात मात्र तंबाखू ओढण्यापेक्षा खर्ऱ्यातून चघळली जाते, आणि विडीचा गुण उचलून खर्ऱ्याला देणे हे शास्त्र नव्हे. तो द्यावा की नाही, हे इथल्याच आकड्यांनी ठरावे. आशाताई भरून घेतात त्या अर्जात घराण्यातील रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार विचारतात. त्याच ओळीत आतड्याच्या कर्करोगाची भर घालणे फारसे खर्चिक नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. नव्या चाचणीत काडीच्या खाचांत मावेल एवढाच नमुना द्रवाच्या नळीत बुडवतात, परंतु उष्णतेने त्यातील हिमोग्लोबिन विघटित होते. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्येही उन्हाळ्यात रक्त सापडल्याच्या निकालांचे प्रमाण घटलेले आढळले. मग पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या अकोल्यात, मे महिन्यात दुपारभर पिशवीत राहिलेल्या नळीचा ‘रक्त नाही’ हा निकाल कितपत खरा मानावा? नमुने दिवाळी ते होळी या काळातच गोळा केलेले बरे, आणि तेव्हाही सकाळी घेतलेली नळी त्याच दिवशी शीतपेटीतून प्रयोगशाळेत पोचली पाहिजे.