पैसा येतो कुठून, ते विचारा
(शिरूर व दौंड येथील बचतगटांच्या बैठकींत केलेले भाषण)


मोबाइलवरची योजना आपल्याला परका माणूस सांगत नाही. जाऊ सांगते, गटातली शेजारीण सांगते. म्हणून आपला विश्वास बसतो.

२०११ मध्ये बंद पडलेल्या ‘स्पीक एशिया’त ११,००० रुपये भरून घरबसल्या प्रश्नावल्या भरायच्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत बुडालेल्या ‘टोरेस’ने दर आठवड्याला परतावा कबूल केला होता. दोन्हीकडे पहिल्यांना पैसे मिळाले. पोलिसांचा आरोप असा, की ते मागून येणाऱ्यांच्याच खिशातले होते.

आता हिशेब मांडू. प्रत्येकीने पाच जणी आणायच्या. ५, २५, १२५... नवव्या पायरीला १९,५३,१२५ जणी लागतात. २०११ च्या जनगणनेत शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके मिळून माणसंच आठ लाखांच्या आत!

तेव्हा ठरलेला भरघोस परतावा, माणसं जोडण्याचं कमिशन, ‘आजच भरा’ची घाई, ‘घरी बोलू नका’ची ताकीद, यातलं एकही दिसलं तर थांबा. गटात विषय काढा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रारीला जाताना जिच्या सांगण्यावरून भरले तिलाही सोबत घ्या. बहुतेक वेळा तीही फसलेलीच असते. आपण लाजून गप्प बसलो, तर पुढची बाई बुडते.