अर्पणपत्रिकांची वंशावळ

ग्रंथाच्या आरंभी ज्या पानावर लेखक आपली कृती कोणाला तरी वाहतो, त्याला अर्पणपत्रिका म्हणतात; हे दोन-चार ओळींचे पान बहुधा घाईत उलटले जाते, पण लेखकाचे ऋण आणि निष्ठा तेथे जितकी उघड होते, तितकी पुढच्या शेकडो पानांत क्वचितच होते. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली. तेथे दरवर्षी भरणाऱ्या सोहळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावची माणसे जे ग्रंथ विकत घेतात, त्यांपैकी काहींच्या अर्पणपत्रिका सलग वाचल्या, तर एक वैचारिक वंशावळच उलगडते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी शूद्रांच्या मूळ इतिहासाचा शोध घेणारा ग्रंथ फुल्यांच्या स्मृतीला वाहिला. आणि १९४८ मधील अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांना, म्हणजे तमिळ प्रदेश, काशी आणि मंगळवेढा इतक्या दूरदूरच्या, पण अस्पृश्य गणलेल्या समाजांतूनच आलेल्या तीन संतांना.

सर्वांत हृद्य मात्र बाबासाहेबांच्याच पाकिस्तानविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिका आहे. त्यांच्या पत्नी रमाबाईंचे निधन १९३५ मध्ये झाले आणि ग्रंथ त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आला. राजकीय युक्तिवाद व आकडेवारीने भरलेल्या त्या ग्रंथाच्या आरंभीच पत्नीचे 'रामू' हे घरगुती नाव छापलेले आहे, आणि त्यासोबत तिच्या मनाच्या थोरवीची व हलाखीच्या दिवसांत तिने धीराने दिलेल्या साथीची कृतज्ञ नोंद आहे.