औषधाला दाद न देणारे जंतू

'परभणी क्रांती' हे नाव आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली दिलेला हा भेंडीचा वाण. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की भेंडीचे पीक हातचे जाई. तेव्हा तज्ज्ञांनी 'पुसा सावनी' या भेंडीचा तिच्या एका रानटी भाऊबंदाशी संकर केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या रोगाला दाद न देणाऱ्या झाडांचेच बी धरले. म्हणजे गुण दुसरीकडून आणला आणि निवड करून तो टिकवला.

नेमके हेच काम आज रोगजंतूंच्या बाबतीत चालले आहे. फरक एवढाच की बी आपण शत्रूचे धरीत आहोत.

कसे ते पाहा. पायलीभर ज्वारीत चार हरभरे मिसळा आणि चाळणीने चाळा. ज्वारी खाली पडेल, हरभरे वर राहतील. चाळणीने ज्वारीचा हरभरा केला का? नाही. हरभरे आधीपासूनच होते; चाळणीने ते वेगळे काढले. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविक औषधे म्हणजे अशी चाळणी होय. औषध जंतूला काही शिकवीत नाही. जंतू दुभंगून वाढतो, तेव्हा त्याच्या जनुकांची, म्हणजे आनुवंशिक गुणांच्या लिखाणाची, नक्कल होते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते आणि एखाद्या चुकीमुळे औषध त्या जंतूवर चालेनासे होते. पोटातले काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने आठ तासांत एकाचे दीड कोटीहून अधिक! मग कुठेतरी चूक होणारच, नाही का?

क्षयाचे जंतू सावकाश वाढतात; पण रोग्याच्या फुप्फुसात त्यांची संख्या कोट्यवधी असते. आयसोनायझिड या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा, तर रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एखादा असतो. दोन्हींना एकदम पुरून उरणारा फार विरळा. म्हणूनच डॉक्टर अनेक औषधे एकत्र देतात. पण महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, अंगात बळ येते, आणि रोगी म्हणतो, "आता कशाला गोळ्या?" इथेच घात होतो. राहिलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्यांत चिवट जंतूंची पैदास होऊ शकते.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास चार क्षयरोग्यांची हकीकत जगापुढे मांडली. तपासून पाहिलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांतील तिघांना पूर्वी एकेक औषध वाढवीत, पुष्कळदा चुकीच्या प्रमाणात, उपचार मिळाले होते. एकेक चाळणी लावीत गेले की असे होते. त्यानंतर बेडाक्विलिनसारखी नवी औषधे आली; पण तीही बेफिकिरीने वापरली तर निकामी होतील.

आता दुसरी वाट, रानटी भाऊबंदाकडून गुण आणण्याची. जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात हगवणीचे असे जंतू सापडले की ज्यांच्यावर एकदम चार औषधे चालत नव्हती. नुसत्या चुकीने एवढे घडणे अवघड. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले की आतड्यातले साधे जंतू हा गुण हगवणीच्या जंतूंना देऊ शकतात. 'प्लास्मिड' नावाचे जनुकांचे एक लहानसे कडे एका जंतूतून दुसऱ्यात जाते, शेजाऱ्याने विरजण न्यावे तसे. देणाऱ्याचेही संपत नाही. क्षयाच्या जंतूंत ही देवघेव होत नाही; त्यांचे सारे चुकांवर चालते. पण आतड्यातल्या जंतूंत ती फार चालते, माणसाच्या तशीच जनावराच्या आणि कोंबड्यांच्याही. म्हणून अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना व दुभत्या जनावरांना देण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी केली.

तेव्हा मंडळी, तीन गोष्टी ध्यानात धरा. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर ही औषधे चालत नाहीत, उगाच मागू नका. डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितलेल्या मात्रेत, सांगितले तितके दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. आणि म्हशीला सुई द्यायची ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. त्याने सांगितलेले दिवस ते दूध डेअरीत घालू नका.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गावात कुणी ती मध्येच सोडली असतील, तर त्याला रागे भरू नका. सोबत घेऊन दवाखान्यात जा. शेतात आपण चांगले बी राखतो, तसे औषधाचे बळही राखले पाहिजे. उद्या ते आपल्याच लेकरांच्या कामी यायचे आहे.