माडाच्या टोपीखालचा शिकारी



तंजावर म्हटले की मराठी मनाला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. त्याच जिल्ह्यात, तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, पापनाशम हे कावेरीच्या पाण्यावर पोसलेले गाव आहे. तेथील माडांचे आणि कोकणातल्या माडांचे दुखणे एकच: नारळाच्या सालीवर पडणारे तपकिरी, चिरा गेलेले चट्टे.

हे चट्टे पाडणारा जीव कीटक नव्हे, कोळी आहे. मात्र जाळे विणणारा नव्हे. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, पाय आठांऐवजी चार. मेक्सिकोतील गेरेरो येथील नमुन्यांवरून 1965 मध्ये त्याचे वर्णन झाले. 1998 मध्ये तो केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला आणि वाऱ्यावर स्वार होऊन शेजारच्या तमिळनाडूत, पुढे कोकणातही पसरला. कोवळ्या फळाच्या देठाशी जी टोपी असते, तिच्याखाली शिरून तो रस शोषतो. आधी टोपीच्या कडेला पांढुरका त्रिकोण दिसतो, मग तो काळवंडतो. फळ खुरटते, खोबरे घटते आणि सोडण सोलणे जिकिरीचे होते. नगावर नारळ विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला हे परवडत नाही.

फवारणी फसते, कारण माड उंच आणि टोपी घट्ट. औषध वरच राहते व बाहेर वावरणारे उपकारक जीव मात्र मरतात. या अडचणीच्या जागेत शिरू शकणारा एक शिकारी कोळी आहे, निओसियुलस बराकी. त्याचे अंग चपटे व लांबट असते. श्रीलंकेच्या नारळ संशोधन संस्थेने तो दुसऱ्या एका कोळ्यावर पोसून प्रयोगशाळेत वाढवला व माडांवर सोडला. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट या काकडी पिकवणाऱ्या बागायतदाराने 1967 मध्ये असेच शिकारी कोळी विकण्याचा व्यवसाय उभारला. पण त्याला काचगृहाच्या भिंतींचा आधार होता. उघड्या वाडीतील माडाचा मामला कठीण.

शिकारी उशिरा पोचतो, हीच खरी अडचण. फळ वाढून टोपी सैलावली की त्याला वाट मिळते. तोवर शत्रूचा संसार थाटलेला असतो. म्हणून त्याच्या येण्याने डाग समूळ जात नाहीत, नुकसान कमी होते, तेही कडक रासायनिक फवारणी आवरली तरच. कासारगोडची केंद्रीय संशोधन संस्था कोवळ्या घडांवर कडुनिंबाचे तेल, लसूण व साबण यांचे 2 टक्के मिश्रण सुचवते. गळलेली बोंडे मात्र माडाखाली राहू न देता गोळा करून जाळावीत.