मद्यालयांतील गप्पा आणि ध्वनिमुद्रण



चार-पांच अपरिचित माणसें मद्यालयांत एका मेजाभोवतीं बसवावीं, मध्यें ध्वनिक्षेपक ठेवावा, आणि जें बोलणें निघेल तें मुद्रित करून पॉडकास्ट म्हणून जगाला ऐकवावें, असा एक छंद आजच्या तरुण मंडळींत दिसतो. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ सालीं एका इंग्रज पत्रकारानें प्रथम सुचविला. परंतु कल्पना कांहीं नवी नव्हे. १९३९ सालीं बी.बी.सी.ची मंडळी सफोक परगण्यांतील ईस्टब्रिज या खेड्यांत ‘ईल्स फूट’ नांवाच्या पानगृहांत ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें घेऊन गेली, आणि तेथील खेडुतांचीं शनिवारचीं गाणीं तिनें नभोवाणीवरून ऐकविलीं. त्या बैठकीला एक अध्यक्ष असे. तो एकेकाला क्रमानें गावयास सांगे व इतरांना गप्प बसवी. माझ्या मतें त्या मुद्रणाचें श्रेय यंत्रापेक्षां या अध्यक्षालाच अधिक आहे.

आजच्या मेजाभोवतीं असा अध्यक्ष नसतो. भोवतीं गोंगाट असला म्हणजे माणूस नकळत आपला आवाज चढवितो, हें लोंबार या फ्रेंच डॉक्टरानें १९११ सालीं दाखवून दिलें. मद्यालयांत सर्वच जण चढवितात, म्हणून गोंगाट आणखी वाढतो. तरीहि आपल्याला शेजाऱ्याचें बोलणें कळतें, कारण दोन कान आणि मेंदू मिळून हवा तो आवाज वेगळा काढतात; कॉलिन चेरी यांनीं १९५३ सालीं याचेच प्रयोग प्रसिद्ध केले. मेजावरच्या एकट्या ध्वनिक्षेपकाला ही विद्या अवगत नाहीं. त्याला पेल्यांचा खणखणाट आणि माणसाचें दुःख सारखेंच! म्हणून प्रत्येकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर स्वतंत्र ध्वनिक्षेपक असावा, आणि भटारखान्यापासून लांबचा कोपरा निवडावा.

परंतु खरी अडचण ध्वनीची नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईंत असा कार्यक्रम करतो. एके रात्रीं त्याच्या आग्रहावरून मीहि एका परमिट रूममध्यें जाऊन बसलों. (१९४९ च्या दारूबंदी कायद्यानें पिणाऱ्याला परवाना लागतो, त्यावरून हें नांव. माझ्यापुढें लिंबाचें सरबत होतें, आणि वेटर मजकडे करुणेनें पाहत होता.) शेजारच्या मेजावरील एक गृहस्थ आमंत्रणावरून आमच्यांत आले. आरंभीं क्रिकेटच्या गोष्टी झाल्या. दुसऱ्या पेल्यानंतर ते धाकट्या भावाशीं बारा वर्षें धरलेल्या अबोल्याविषयीं बोलूं लागले. इतकें सरळ, इतकें निर्मळ मराठी मीं व्यासपीठावरून क्वचितच ऐकलें असेल. दुसऱ्या दिवशीं सकाळीं विद्यार्थ्याला त्यांचा फोन आला: “तेवढा भाग काढून टाका हो. मी तिथें जातों, हें घरीं ठाऊक नाहीं.”

विद्यार्थी मला म्हणाला, “सर, त्यांची संमति मुद्रित आहे. आणि तोच भाग सर्वांत चांगला आहे.”

दोन्हीं गोष्टी खऱ्या होत्या. तरी मीं त्याला सांगितलें, “काढ.” दुसऱ्या पेल्यानंतरचा होकार हा त्या माणसाचा पुरा होकार नव्हे. शिवाय पॉडकास्ट एकदां प्रसिद्ध झाला कीं त्याच्या नकला ऐकणारांच्या यंत्रांत उतरतात. मागाहून मूळ पुसलें तरी नकला राहतात. भावाच्या कानीं ती गोष्ट अशा वाटेनें जावी, हें त्या गृहस्थांनीं कोठें कबूल केलें होतें?

त्यानें तो भाग काढला. आतां तो मुद्रणानंतर चार दिवस थांबतो, प्रत्येकाला त्याचें बोलणें दिवसाउजेडीं ऐकवितो, आणि होकार आल्यावरच प्रसिद्ध करतो. त्या रात्रीचा उरलेला अर्धा तास केवळ क्रिकेटचा आहे, आणि खरें सांगावयाचें तर तो कंटाळवाणा आहे.